बास म्हणेपर्यंत

१

अंबाजोगाईच्या बसस्टँडमागच्या गल्लीत युवराजचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्या गल्लीत त्याचा एक लौकिक आहे. मशीन आलं की तो आधी उघडत नाही. चालू करतो, स्क्रूड्रायव्हरचं टोक पेटीवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून बसतो. कुठला पंखा घासतोय, कुठली डिस्क महिन्याभरात मरणार, हे तो ऐकून सांगतो आणि दहातल्या नऊ वेळा ते खरं निघतं. बायको मात्र म्हणते की याचे कान फक्त मशीनसाठी आहेत, घरात तीनदा हाक मारावी तेव्हा एकदा ऐकू जाते.

बायको म्हणजे पंचशीला. ती ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. तिच्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळी सरली की आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जातात. त्यांच्यासाठी ती धडे वाचून, समजावून रेकॉर्ड करते आणि फोनवर पाठवते. तिकडे फडावर, पाचटाच्या कोपीच्या दारात, एका फोनभोवती चार डोकी जमणार. त्यात धड्यामागे घरघर असली तर पोरांना काय कळणार? आणि घरचा जुना कॉम्प्युटर तर पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा. म्हणून यंदाच्या मे महिन्यात तिने नवऱ्याला सुनावलं, की गावाची मशीनं गप्प करत फिरतोस, आता घरातलं एक गप्प करून दाखव.

युवराजला एवढं पुरे होतं. गडी हट्टाला पेटला की जेवणखाण विसरतो.

२

आवाज न करणारं मशीन बांधायचं म्हणजे निम्मी लढाई उष्णतेशी असते. प्रोसेसर तापतो, तो गार ठेवायला पंखा लागतो, आणि पंखा जितका जोरात फिरेल तितका ओरडतो. तेव्हा पंखा मोठा घ्यायचा आणि सावकाश फिरवायचा. युवराजने प्रोसेसरवर बसवायला तांब्याच्या सहा नळ्यांचा, पातळ पत्र्यांच्या थराथरांचा, चांगला वीतभर उंच, उष्णता ओढून घेणारा हीटसिंक मागवला. मधे थर्मल पेस्टचा मटकीएवढा ठिपका दिला, कारण नवशिके लोणी लावल्यासारखी पेस्ट थापतात आणि मग मशीन तापतं म्हणून रडत येतात. फिरती डिस्क काढून आवाज न करणारी, चिपची बसवली. पंख्यांच्या स्क्रूखाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या घातल्या, म्हणजे त्यांची थरथर पत्र्याला लागणार नाही. काम हलकं असेल तेव्हा पंखे आपसूक थांबतील अशी सोय केली.

हे सगळं त्याने घराच्या मागच्या खोलीत मांडलं. खोली छोटी, एका खिडकीची. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली टेबल, आणि समोरच्या भिंतीला मायची बाज. माय म्हणजे युवराजची आई, सिंधुबाई. सहा वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा त्याची लेक आमू सव्वा महिन्याची होती. गावी दिंद्रुडच्या घरात एकटे राहिलेले वडील ओट्यावर निजायचे, बाज रिकामी पडलेली, म्हणून त्याने ती इकडे आणली. दोऱ्या दोनदा बदलल्या, चौकटीचे लाकडी गाते तेच आहेत.

मशीन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा पंचशीलाने विचारलं की चालू कधी करणार. युवराजने मॉनिटरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. ती जवळ आली, पेटीला कान लावला आणि लहान मुलीसारखी हसली. स्क्रूड्रायव्हर लावूनही काही ऐकू येत नव्हतं. प्रोसेसर चव्वेचाळीस अंशांवर, खोली एकोणचाळीस. मे महिन्यात अंबाजोगाईत याहून चांगला आकडा कुणी मागू नये.

त्या दुपारी युवराज कितीतरी वेळ नुसता बसून राहिला. शांततेची त्याला सवयच राहिली नव्हती. अशी दुपार त्याने फक्त लहानपणी दिंद्रुडला पाहिली होती. लाईट गेलेली, पत्रे तापून कडकड वाजतायत, बाहेर काळं कुत्रंसुद्धा नाही, आणि बाजेवर आडवा झाला की उशाशी माय शिंदीच्या पानांचा पंखा हलवतेय. ती आठवण इतकी गोड होती की त्याने डोळे मिटून घेतले.

३

खोट पहिल्यांदा पंचशीलाला सापडली. धडा रेकॉर्ड करून ती ऐकत होती आणि तिने कपाळाला आठ्या घातल्या. वाक्य संपून दुसरं सुरू व्हायच्या आधी काहीतरी वाजत होतं. फट. मग थोडं थांबून, फट.

"वायर पात्याला लागायलीय बघ तुझी," ती म्हणाली.

युवराजला ते लागलं. अठरा वर्षांत त्याने वायर मोकळी सोडली नव्हती. तरी त्याने पेटी उघडली. वायरी सगळ्या नीट बांधलेल्या होत्या आणि पंखे तर फिरतच नव्हते, हलक्या कामाला ते थांबायचे तसे थांबले होते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशी त्याने एकेक वायर पुन्हा बांधली आणि आतले आकडे बघितले. प्रोसेसर छत्तीस अंश. भिंतीवरचं घड्याळ खोलीचं तापमानही दाखवायचं, ते एकोणचाळीस.

त्याने आधी घड्याळाला शिवी दिली, मग मशीनमधल्या मापकाला. कारण हे होणं शक्य नाही. माठातलं पाणी हवेपेक्षा गार होतं, कारण माठ पाझरतो आणि ओल उडून जाते. पण हवेने गार होणारं कोरडं यंत्र खोलीतल्या हवेपेक्षा गार कसं होईल? फार झालं तर बरोबरीला येईल. हे तो दुकानात गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगत होता.

त्याने हीटसिंकवर तळहात ठेवला. हात ठेवून तसाच राहिला. हीटसिंक रांजणाच्या बुडासारखा गार होता.

४

दुसऱ्या दिवशी पंचशीला चार दिवसांच्या प्रशिक्षणाला बीडला मावशीकडे गेली. जाताना म्हणाली की आमूला दुपारी मागच्या खोलीतच निजव, ती खोली हल्ली बरी गार असते. युवराज एक वाजता दुकान बंद करायचा आणि चारला उघडायचा. उन्हात तसंही गिऱ्हाईक येत नाही.

आमू बाजेवर झोपली. कूलर त्याने लावला नव्हता, कारण त्याला तो आवाज ऐकायचा होता. खुर्चीत बसून, डोळे मिटून, मशीन ऐकतो तसा तो खोली ऐकू लागला. फट. फट. पेटीतून येत नव्हता तो. बाजेच्या बाजूने येत होता. काहीतरी हलकं, पसरट, हवा कापत येत होतं आणि दर खेपेला त्याची कड लाकडाला निसटती लागत होती. त्याने मोजायला सुरुवात केली. एकवीस झाले आणि थांबलं. दोन श्वासांएवढी शांतता. मग पुन्हा सुरू, पण आता संथ, जरा तिरकं. आठ झाले आणि पुन्हा थांबलं. मग पुन्हा पहिल्यासारखं.

युवराजच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि त्याच वेळी त्याला रडूही आलं. रोजगार हमीच्या कामावर माय बांधावरून पडली होती, डावं मनगट वाकडं जुळलं होतं. उजवा हात भरून आला की ती पंखा डाव्या हातात घ्यायची. डाव्याने सात-आठच्या वर हलवणं तिला जमायचं नाही. हे जगात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं, कारण इतक्या दुपारी तिच्याजवळ दुसरं कुणी निजलंच नव्हतं.

त्याने डोळे उघडले. बाजेवर आमू होती आणि उशाशी कुणी नव्हतं. फक्त आमूच्या कपाळावरची बट उडत होती आणि बसत होती. खिडकी बंद होती.

आता शहाण्या माणसाने काय करावं? पोर उचलावी, खोलीला कुलूप लावावं आणि शेजारी जाऊन पाणी मागावं. युवराज शहाणाच होता, पण आईवेडाही होता. मनाशी म्हणाला की सहा वर्षं झाली, एवढा मोठा आवाज करत बसलो होतो म्हणून ऐकू येत नव्हती इतकंच. माय आहे. नातीला वारा घालतेय. यात भ्यायचं काय? तो चार वाजेपर्यंत बसून राहिला, आणि दुकान त्या दिवशी उघडलंच नाही.

पुढच्या दुपारीही तेच. प्रोसेसर एकतीस अंशांवर आला होता. युवराजला त्याचं आता नवलही वाटलं नाही. फक्त उठताना आमू म्हणाली की तिला पांघरूण पाहिजे होतं, आणि मे महिन्यात बीड जिल्ह्यात लेकराने पांघरूण मागावं ही गोष्ट त्याने हसण्यावारी नेली.

५

सकाळी अकराला वडिलांना फोन करायचा त्याचा नेम होता. वडिलांना तो दादा म्हणतो. ज्ञानोबा गवंडी म्हणजे दिंद्रुडात कोणीही सांगेल. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे, थापी सुटली आहे. तिसऱ्या दिवशी फोनवर पाणी, औषध, जेवण सगळं विचारून झाल्यावर युवराजला राहवलं नाही. मशीनचं तो काही बोलला नाही. नुसतं म्हणाला की दादा, हल्ली मायच्या पंख्याची लई आठवण येते, दुपारभर मला वारा घालायची, मी उठायचो तरी तिचा हात चालूच असायचा.

तिकडे रेडिओ चालू होता, तो दादांनी बंद केला.

"तुला न्हाई घालायची ती," दादा म्हणाले.

"म्हणजे?"

"तुझ्या आधीची बबिता. तुला ठावं हाय न्हवं?"

ठाऊक होतं, पण तितकंच. युवराज दोन वर्षांचा असताना पाच वर्षांची बहीण तापाने गेली, एवढं एक वाक्य त्या घरात होतं. त्याच्या पुढचं वाक्य कुणी कधी बोललं नव्हतं. आज दादा बोलले, सावकाश, वीट लावून वीट लावावी तसे.

"लेकराचं अंग नुसतं भाजत होतं. मी म्हणलो, मी जीप बघून येतो, तवर वारा घाल. मी येऊन बास म्हणेपर्यंत हात थांबवू नको. जीप गावली न्हाई. पार माजलगावच्या रस्त्याला पायी गेलतो. माघारी आलो तवा दिवस कलला होता. लेकरू कवाच थंड पडलं होतं, अन् ही वारा घालतच होती."

युवराजने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझ्या तोंडाकडं बघायली. मी बास म्हणावं म्हणून बघायली. माझ्यानं म्हणवलंच न्हाई. बायांनी लेकरू उचललं, हिच्या हातातला पंखा काढून घेतला. पण बास म्हणून तिला कुणी सांगितलं न्हाई. मी बी न्हाई. पुढं तुला घेऊन बसाया लागली. मला वाटायचं, बसू दे."

फोन ठेवल्यावर युवराजला एक गोष्ट आठवली, जी त्याने आजवर मायेची खूण म्हणून जपली होती. दुपारी तो जागा झाला की माय पंखा न थांबवता, मोकळ्या हाताची उलटी बाजू त्याच्या कपाळाला लावायची आणि विचारायची, "झाला का गार?" तो हो म्हणायचा. तरी ती थांबायची नाही.

६

त्या दुपारी त्याने आमूला पुढच्या खोलीत निजवलं, कूलर लावला आणि मधलं दार ओढून घेतलं. इथवर त्याचं बरोबर होतं. पण मशीन बंद करायला म्हणून तो मागे गेला आणि खुर्चीत बसला. शेवटची एक दुपार, तो मनाशी म्हणाला. आमू इथे नाही, मग कुणाचं काय बिघडतंय? उद्या पंचशीला येईल, परवा मी हे मशीन दुकानात नेईन. जिवाला ओढ लागलेल्या माणसाला सबबी तोंडपाठ असतात.

पंखा चालू होता. एकवीस, थांबणं, आठ. त्याला लहानपणचा ओट्यावरचा उजेड आठवला, मायच्या लुगड्याचा वास आठवला, तंबाखूच्या मिश्रीचा, शेणाने सारवलेल्या जमिनीचा. पापण्या जड झाल्या. इतक्या वर्षांत त्याला अशी झोप आली नव्हती.

लाईट गेली म्हणून त्याला जाग आली. लाईट जाते तेव्हा फ्रिज, मीटर, शेजारचा मिक्सर, सगळं एकदम गप्प होतं आणि त्या गप्पपणानेच माणूस जागा होतो. पुढच्या खोलीतला कूलर थांबला होता. मशीनही बंद पडलं होतं. पडदा काळा झाला होता.

पंखा मात्र चालू होता. आणि आता नुसता ऐकू येत नव्हता.

काळ्या पडद्यात युवराजला त्याच्या पाठीमागची बाज दिसत होती. बाजेवर आमू निजली होती. कूलर असूनही उकडलं असेल, तो निजल्यावर ती झोपेतच उठून गार खोलीत आली असेल. आणि तिच्या उशाशी, पडद्याच्या अगदी कडेला, कोपरापासून मनगटापर्यंत एक हात होता. हिरवट गोंदण होतं त्यावर. मनगट वाकडं होतं. पंख्याच्या कडेला शिवलेली पिवळी किनार एकदा खाली आली, एकदा वर गेली. बाकीचं पडद्याच्या चौकटीबाहेर होतं, आणि ते चौकटीत यावं असं त्याला मुळीच वाटलं नाही.

तो वळला. उशाशी कुणी नव्हतं. आमूची बट उडत होती.

त्याने तिच्या कपाळाला हात लावला आणि हात मागे घेतला. मग पुन्हा लावला. घराच्या फळीवरचा ताप मोजायचा थर्मामीटर आणून त्याने तिच्या काखेत धरला. ते यंत्र बिचारं तापासाठी केलेलं. त्याने पिक् केलं आणि आकडा दाखवलाच नाही, नुसतं 'लो' दाखवलं, म्हणजे माझ्या मोजमापाच्या खाली. आमूचे ओठ पांढरे होते. हाका मारल्या तर ती हूं म्हणायची आणि पुन्हा खोल जायची.

७

त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि पळत पुढच्या खोलीत आणलं. दारातून ऊन आत आलं होतं, फरशी पायाला चटके देत होती. तरी मानेवर टेकलेलं आमूचं तोंड गारच. आणि त्याच्या कानाशी, अगदी कानाशी, फट. पोरीचे केस त्याच्या गालावर उडून बसले. त्याने अंगणात पाऊल टाकलं. फट. रस्त्यात उभं राहिलं असतं तरी आलं असतं ते.

"माय," तो म्हणाला. "माय, बास. ताप उतरलाय. लेकरू गार झालंय, बास कर."

पंखा थांबला. दोन श्वास. मग संथ, जरा तिरका, डाव्या हाताने तो पुन्हा सुरू झाला. तेव्हा त्याला कळलं की ती थांबली नव्हती, तिने फक्त हात बदलला होता. आणि हेही कळलं की बास म्हणणारा तो नव्हे. तो त्या वेळी दोन वर्षांचा होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्याने एका हाताने फोन लावला. दादांनी उचलायला फार वेळ घेतला. काय झालंय, हे युवराजने कसं सांगितलं हे त्याचं त्यालाही नंतर आठवेना. कुठल्याही बापाने विचारलं असतं की पोरा, ऊन तर लागलं नाही ना. दादांनी तसं काही विचारलं नाही. इतकंच म्हणाले, "फोन तिच्याजवळ धर."

युवराजने आवाज मोठा केला आणि फोन आमूच्या डोक्याजवळ धरला.

"युवराजची माय," दादांनी हाक मारली. घसा खाकरला. "आयकलंस का? बास आता."

फट. फट. फट.

आमच्याकडे बाई पहिल्या लेकराच्या नावाने ओळखली जाते. ते लेकरू गेलं की नावही गावाने मुकाट्याने बदललेलं असतं. चाळीस वर्षांत दिंद्रुडात तिला जुन्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. आता फोनमधून म्हाताऱ्याचा श्वास येत होता, जिना चढून आल्यासारखा.

"बबीची माय," दादा म्हणाले. "ए बबीची माय. मी आलोय. जीप गावली न्हाई मला. बास कर आता, हात दुखला असंल तुझा."

आणि ते थांबलं.

युवराज मोजत राहिला. दोन श्वास, चार, दहा. काही नाही. खाली काहीतरी हलकंसं ठेवल्याचा आवाज झाला किंवा त्याला तसा भास झाला. मग आमूच्या मानेवर, केसांच्या मुळाशी, घामाचा एक थेंब फुटला. तिने तोंड वेडंवाकडं केलं, डोळे उघडले आणि पाणी मागितलं. युवराजने तिच्या तोंडाला तांब्याच लावला. थर्मामीटर पुन्हा काखेत धरला तेव्हा त्याने शहाण्यासारखा आकडा दाखवला. सदतीसला थोडा कमी. तो पोरीला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसला आणि हमसून हमसून रडला, आणि आमू त्याच्याकडे बघत पाणी पीत राहिली.

लाईट आली. मागच्या खोलीत मशीन आपोआप चालू झालं. चालू होताना सगळीच मशीनं एकदा पूर्ण जोराने पंखा फिरवतात, तसा त्याचा पंखा फिरला, आणि या खेपेला तो हळू झाला नाही. खोली चाळीसवर होती आणि प्रोसेसर साहजिकच त्याहून वर. इतका गोड आवाज युवराजने अठरा वर्षांत ऐकला नव्हता.

८

फोन चालूच होता. तो खाली जमिनीवर पडला होता. युवराजने उचलून कानाला लावला.

"थांबली का रं?" दादांनी विचारलं.

"थांबली. आमू बरी हाय."

"चांगलं झालं." मग ते म्हणाले, "मी तवाच म्हणायला पायजे होतं."

तुमची काय चूक, असं म्हणायचं असतं, ते युवराजने म्हटलं. मग नेहमीसारखंच विचारलं की तिकडे लाईट आहे का, जेवलात का, उन्हात ओट्यावर बसू नका, पत्र्याखाली लई उकडत असंल.

"लाईट सकाळधरनं न्हाई," दादा म्हणाले. "पण उकडत न्हाई रं. इथं आता लई गार सुटलंय."

युवराज उठून उभा राहिला. मधलं दार बंद करून मशीनचा आवाज अडवला, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि मशीन ऐकतो तसा फोन ऐकू लागला. म्हाताऱ्याचा श्वास येत होता. त्याच्या मागे, लांब, कशाला तरी निसटती लागणारी एक कड. त्याने मोजलं. एकवीस. थांबणं. आठ.

"दादा, बास म्हणा," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता तिला बास म्हणा."

"म्हणतो की."

"दादा."

"चाळीस वर्सं माझ्याजवळ अशी बसली न्हाई ती," दादा म्हणाले. आवाज झोपेने जड झाला होता आणि त्यात कधी नव्हतं इतकं सुख होतं. "ठेव फोन. जरा पडू दे मला."

फोन बंद झाला. युवराजने पुन्हा लावला, पुन्हा लावला, बेल वाजत राहिली. अंबाजोगाईहून दिंद्रुडला मोटारसायकलवर सव्वा तास लागतो. त्याने आमूला शेजारी सोडलं, किल्ली घेतली आणि चपला न घालताच गाडीला किक मारली. जो शब्द ऐकून ती थांबत होती तो एकाच माणसाच्या तोंडचा होता, आणि त्या माणसाला तो आता म्हणायचा नव्हता. मागे घरात कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता.